लग्नातला उपास

मी शिकवतो त्या शाळेच्या खिडकीची काच लागून माझ्या उजव्या मनगटातली नस तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली, आणि आता हात किती चालतो हे मोजायला नांदेडच्या दवाखान्यात बोलावलं होतं. आमच्या हट्टा गावाहून बायको सोबत आली होती.

हाताचे व्यायाम घेणारी मुलगी समोर बसून विचारत होती. गुंड्या लागतात का? कुलूप उघडतं का? पूर्ण जमत असेल तर पाचपैकी पाच. मी प्रत्येक वेळी पाच सांगत गेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिकवणाऱ्यांचे उपकार मार्कांनी फेडायचे, एवढंच मला ठाऊक. ज्या डॉक्टरांनी हात वाचवला, त्यांचे मार्क मी कसे कापू?

बायकोला राहवलं नाही. "काहून खोटं सांगून राहिले? गुंड्या तर रोज मी लावून देते."

"तू गप बस."

"आन् भाच्याच्या लग्नात?" ती मुलीकडे वळली. "बाई, पंगतीत बुंदी वाढून राहिले व्हते, अन् हे म्हणे मला एकादशी हाय. एकादशी कवाच होऊन गेली व्हती!"

मुलगी हसली. मीही हसल्यासारखं केलं, पण कान तापले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत. घास कधी निसटतो ते कळत नाही. भात मांडीवर दिसतो तेव्हा कळतं. पंगतीत चमचा कोण मागणार? शाळेत पोरांना वाढण्याआधी खिचडी चाखायचं काम माझं. तेही मी शाळेतल्या एका बाईंवर ढकललं होतं.

"डॉक्टरांना वाईट वाटेल," मी पुटपुटलो.

"सर, हे मार्क डॉक्टरांचे नाहीत. सगळीकडे पाच लिहिले तर तुमचे व्यायाम आजच बंद होतील. बोटांना अजून शिकवता येतं."

मी खाली मान घातली. शर्टाची वरची गुंडी निसटली होती. बायकोनं हात पुढे करून ती लावली, त्या मुलीच्या देखत.

"पहिल्यापासून विचारा," मी म्हणालो.

"गुंड्या?"

"नाही लागत."