लंबी रोटी आणि माझा मुका पोरगा

"अरे, हात वर घे नं गा! वर! कोपरापर्यंत जाऊ दे तिले! जमिनीले लागली तं तुलेच खायला लावीन, मातीसकट!"

सक्करदऱ्याच्या एका गल्लीत, सकाळी दहा वाजता, रोटीवाली बाई ओरडत होती. महिना मे. नागपूरचा मे म्हणजे डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोडायला येतं. अशा उन्हात धडाडलेली चूल, चुलीवर पालथं मडकं, आणि मडक्यासमोर पाठमोरा एक उंच पोरगा, दोन्ही हातांवर धोतराएवढी रोटी झुलवत उभा. मी मनात म्हटलं, कुण्या बिचारीचं लेकरू असेल हे, किती राबवून राहिली ही बया त्याला! तेवढ्यात त्यानं खांद्याला घाम पुसायला मान वळवली.

बिचारी मीच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लंबी रोटीची कणीक इतकी सैल मळायची की ती परातीतून पळून जायला बघते. मग तिला आपटायची, आपटायची, शेजारी भांडायला येईपर्यंत आपटायची, म्हणजे तिला तार सुटते. मग गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत लांबवायचा आणि तापलेल्या मडक्यावर अलगद पसरायचा. आमच्याकडे हे माझ्या आईच्या हातातून माझ्या हातात आलं. माझी रोटी एवढी पातळ, की तिच्याआडून पेपर वाचता यायचा, आणि तोही बारीक अक्षरातल्या सरकारी नोटिसा. पण तीन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला आणि मडकं गच्चीवर गेलं. तिथं आता पारव्याच्या तिसऱ्या पिढीचा संसार सुरू आहे.

आणि हा माझा पोरगा. वय अठरा. बारावी झाली, जूनमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला निघालेला. पंधराव्या वर्षी त्यानं मराठी भाषेचा त्याग केला होता. जेवतो का? हूं. पेपर कसा गेला? हूं. घराला आग लागली रे! हूं.

मोबाइलवर मला कुणीतरी उपदेश पाठवला होता, वाढत्या मुलाशी मैत्री करा, त्याच्या आवडीत रस घ्या. घेतला की! त्याच्या बंदुकीच्या गेममध्ये शिरले. चार सेकंदांत मेले, आणि मरता मरता नेमका त्यालाच गोळी घातली. त्याच्या क्रिकेटच्या मैदानावर डबा घेऊन गेले आणि तो बाद नव्हता हे अंपायरला असं समजावलं, की त्या माणसानं म्हणे अंपायरिंगच सोडलं. पोरगा आठवडाभर 'हूं'सुद्धा म्हणाला नाही. माझं मागणं काही फार मोठं नव्हतं. जूनच्या आत यानं माझ्याशी एकदा धड बोलावं, बस.

त्या दिवशी मी इतवारीच्या बाजारातून मोठं पातेलं घेऊन येत होते. त्याच्या निरोपाच्या जेवणाला मटण घरी आणि रोट्या बाहेरून, असं ठरवलं होतं, म्हणून ऑर्डर द्यायला या गल्लीत शिरले. आणि समोर हे!

पण खरा धक्का पुढेच होता. पोरगा बोलत होता. सलग! पूर्ण वाक्यं! त्यात क्रियापदं!

"मावशी, आज कणीक जरा सैल झाली का वं? मळताना पाणी जास्त पडलं असंल. पुण्यात असं विहिरीचं पाणी नाही भेटलं तं रोटी कशी लागंल कोण जाणे. पण मडकं मी इथूनच नेतो." आणि वर हसलासुद्धा, दात दिसतील असा. त्याचे दात मी दहावीच्या निकालानंतर पाहिलेच नव्हते. एक आडवा आलेला होता, मला पत्ताच नाही!

माझ्या हातातून पातेलं सुटलं. ते असं वाजलं, की पार कन्हानला लोकांना वाटलं असेल, कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला.

रोटीवालीनं मला खालून वर पाहिलं. "सरका बाजूले बाई, धूर लागंल." मग पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. "अवं, मोठ्या आवाजाची आई ती तुम्हीच का?"

"कोण सांगते मोठा आवाज?" मी विचारलं. तीन घरांच्या खिडक्या उघडल्या.

"हाच सांगते. तुमचा खांदा, तुमचं मडकं, पारवे, सारं सांगते. लई बडबड्या आहे पोरगा. दोन महिने झाले, दर रविवारी येते."

दोन महिने! मी समजत होते, रविवारी हा कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. बडबड्या म्हणे! माझ्या घरातला मुका माणूस या बाईच्या चुलीपाशी बडबड्या झाला होता, आणि मी घरी त्याच्या दाराबाहेर उभी राहून बंद दाराशी मैत्री करत होते.

पोरगा लाल झाला होता. उन्हानं का माझ्यामुळे, देव जाणे. त्यानं रोटी मडक्यावरून उचलली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी खाल्ली. सांगायला जीव जातो, पण माझ्यापेक्षा बरी होती.

पुढच्या रविवारी मी गच्चीवरचं मडकं उतरवलं. पारव्यांना बादलीत पर्यायी जागा दिली. अंगणात चूल मांडली. कणीक मी डाव्या हातानं आपटली, रोट्या त्यानं टाकल्या. त्याचे हात माझ्याहून वीतभर लांब झालेत, हे मला तेव्हा दिसलं. रोटी त्याच्या कोपरापलीकडे जायची आणि तरी फाटायची नाही. मी पाच मिनिटं गप्प बसले. शेजारीण कुंपणावरून बघून गेली, बाईला काही झालं तर नाही.

मी गप्प, तर हा हळूहळू सुरू झाला. होस्टेलवर चूल लावू देतील का, खोलीत दुसरा कोण असेल, तिथं कुणाशीच नाही पटलं तर काय करायचं. मी ऐकत राहिले. ओठ दातांत धरले होते, रक्त यायचं बाकी होतं.

शेवटचा गोळा उरला तेव्हा मात्र राहवलं नाही. "काहून रे, घरात मी असताना त्या बाईकडे काहून गेला? मले विचारलं असतं, तं मी नसतं शिकवलं का?"

त्यानं रोटी मडक्यावर पसरली. कड सारखी केली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"विचारलं होतं. चौथीत होतो. तू म्हणाली, ऊठ इथून, हे बायांचं काम आहे, पोरांचं नाही."