रेव्हरंड सरांचा संशय

बसवनगुडीतल्या आमच्या स्टाफरूममध्ये कुणी "आज काय झालं माहितीये?" म्हणालं, की बाकीचे चहाचे कप खाली ठेवतात. गोष्ट रेव्हरंड सरांचीच असणार! सर म्हणजे आवारातल्या अँग्लिकन चर्चचे पाद्री आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर. देवावर पूर्ण विश्वास, बाकी सगळ्यांची चौकशी!

*

मी निपाणीची, गणिताची टीचर. इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

म्हटलं, "मिस्टरांना इथं पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियात फॅक्टरीत जॉब लागला."

"सरी, सरी," सर म्हणाले. म्हणजे कन्नडमध्ये 'बरं, बरं'.

त्याच आठवड्यात मिस्टर घरी आले ते विचारतच, "अगं, पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ आज गेटवर येऊन मी खरंच आहे का ते बघून गेले. कोण गं ते?"

*

असेंब्लीत प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले, सरांचे टक्क उघडे. एका टीचरनं धीर करून विचारलंच.

सर म्हणाले, "तुम्ही प्रार्थना करा. लक्ष ठेवायचं काम माझं!"

*

एकदा अख्खी दहावी 'ब' सकाळी आपणहून चर्चमध्ये गुडघे टेकून बसली. आम्ही गहिवरलो. सर दारातूनच मागे फिरले ते थेट माझ्याकडे.

"मॅडम, आज गणिताचा पेपर ना? कुठला धडा शिकवायचा राहिलाय?"

*

आमच्याच दोन माजी विद्यार्थ्यांचं लग्न सरांनी लावलं. कुणाची हरकत आहे का विचारून ते इतका वेळ थांबले, की नवऱ्यामुलाला घाम फुटला. तो 'हो' म्हणाला, मग नवरीची पाळी. ती बिचारी घाईघाईनं 'हो' म्हणाली.

सर वाकून हळूच म्हणाले, "स्वतःच्या मनानं सांगतेस ना? वर्गात याचंच बघून लिहायचीस!"

*

मागच्या वर्षी दुपारी एक माणूस पहिलीतल्या आशाला न्यायला आला. "तिच्या आईला ॲक्सिडेंट झालाय, अक्का! हॉस्पिटलात आहे. लवकर पाठवा!" डोळ्यांत पाणी. आशा त्याला बघून हसलीसुद्धा. "आमच्या गल्लीतले अंकल!" मी धावत जाऊन तिचं दप्तर आणलं.

तेवढ्यात सर आले. त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "सरी. चला, मीही येतो हॉस्पिटलात."

"ऑटो घेऊन येतो," म्हणत तो गेटबाहेर गेला, तो गेलाच!

आशाची आई चिकपेटला साडीच्या दुकानात कामाला. फोन लावला, तर तिनंच उचलला. धापा टाकत आली आणि लेकीला घट्ट धरून पायरीवरच बसली.

मी विचारलं, "सर, तुम्हाला संशय कशावरून आला?"

सरांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"तुम्हाला कसा नाही आला?"