आरशावरचे ओठ

आरशाचा मुका घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघून घ्या. निजामाचं राज्य होतं, माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि अक्कल अजून माहेरी, तेरलाच राहिली होती. विडा जितका लाल रंगतो तितकी नवऱ्याची माया, असं बायका म्हणायच्या. मला खात्री करून घ्यायची होती. तामलवाडीच्या आमच्या घरात पान खाणाऱ्या एकट्या सासूबाई. त्यांच्या डब्यातला विडा चोरला, चघळला आणि घरातल्या एकुलत्या आरशापुढं उभी राहिले. ओठ लालभडक. आनंदाच्या भरात मी आरशातल्या स्वतःचाच मुका घेतला. तेवढ्यात पावलं वाजली आणि मी आरशावरचा ठसा न पुसताच, ओठ पदराआड लपवून पळाले.

आले ते मामंजी, गंध लावायला.

"अगं ए," त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "या वयात आरशाला? म्या इथंच होतो की."

"आवं, म्या कशाला?"

"मंग पान दुसरं कोण खातंय?"

दिवसभर ते आरशाकडं बघून खाकरत राहिले. सासूबाई कानकोंड्या झाल्या. सुनेदेखत अब्रूचं पार खोबरं झालं होतं. संध्याकाळी त्यांनी आरसा उतरवला.

"तुमी पाटील न्हवं? लोकांचे अंगठे घेता. आज ओठांचा निवाडा करा."

चुलीपाशी येऊन त्यांनी विडा खाल्ला, जुन्या ठशाशेजारी ओठ टेकवले आणि दुसरा विडा माझ्या हातात दिला. मला मनात हसू येत होतं. रेघा अंगठ्याला असतात, ओठाला कुठल्या? सगळ्यांचे सारखेच उठणार. मी ऐटीत ओठ टेकवले.

मामंजींनी ओसरीवर आरसा उजेडात धरला. सासूबाईंचा ठसा वाळल्या खारकेसारखा, सुरकुत्या-सुरकुत्यांचा. बाकीच्या दोन्हींत मात्र खालच्या ओठावर मधोमध तीच पांढरी चीर. लहानपणी तेरणेकाठच्या दगडावर आपटले होते, त्याची ही खूण. मी ती साफ विसरले होते.

"मुजरीम घावला," एवढंच बोलून मामंजी बाहेर पडले. त्यांचं हसणं वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल.

मी मान खाली घालून विड्याचं कारण सांगून टाकलं. आता माहेरी धाडतात की काय, अशी धाकधूक. सासूबाईंनी पदरानं आरसा पुसला, आधी स्वतःचा ठसा, मग सावकाश माझे. आणि म्हणाल्या,

"रंगला न्हवं? मंग रोज खा. पर माझ्या डब्यातला न्हाय. ज्याच्या मायेनं रंगला, त्यालाच आणाय लाव."