सरावाचा पहिला प्रश्न

परवा युनियनच्या बैठकीत कुणीतरी पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करचं टोपण काढलं आणि त्या उग्र वासासरशी मी सांगलीतल्या इंग्रजीच्या क्लासात जाऊन बसलो.

परदेशात कामगार कायदा शिकायचा, तर इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे गुण हवेच होते. आदल्या खेपेला तेच कमी पडले होते. म्हणून या वेळी पर्यावरण, शिक्षण, बेकारी, सगळ्यांवर उत्तरं घोकून ठेवली. सरावाला सर परीक्षक होऊन समोर बसले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मी ताडकन उभाच राहिलो. मूठ वर गेली, आवाज चढला, प्रदूषणावरचं अख्खं भाषण मी इंग्रजीत ठोकलं.

वर्ग हसून लोळला. फलटणची नर्स सुनंदा म्हणाली, "आरं, सरांनी सकाळी काय खाल्लंस ते इचारलंय!"

"बस खाली," सर म्हणाले. "म्होरं सभा न्हाई, एक माणूस हाय. आधी त्याचं ऐक रं."

तेव्हा कान तापले ते त्या हशानं. पुढे ऐकायला शिकलो, गुणही मिळाले. पण आता लाज वाटते ती वेगळीच. त्याच दिवसांत कुपवाडला कारखान्याच्या फाटकावर मी सभा घ्यायचो. पाळी सुटल्यावर बायका थांबून मला काहीबाही विचारायच्या. त्यांनी काय विचारलं, ते मला एकसुद्धा आठवत नाही. मी काय बोलायचो, ते मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.