मोरचुदाची पिशवी आणि माझी लाल गाडी

गाडीला गंज लागू नये म्हणून मी अख्खा हिवाळा राबले, आणि गंज मीच हौसेनं पिशवीत भरून गाडीत ठेवला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वय बावन्न, अक्कल मात्र नुकतीच पाळण्यातून उतरलेली.

लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. पहाटे दव पुसायचं, बुडाला जळकं ऑइल फासायचं. एक वेळ देवपूजा चुके, हे नाही.

डिसेंबरात आभाळ आलं. दिंडोरीकडे दिलेल्या नणंदेचा, शकूवन्संचा, फोन आला. द्राक्षांवर डावणी (पानं जाळणारा रोग) दिसतेय, आजच मोरचूद (फवारणीचं निळं औषध) हवंय, आणि त्यांची जीप बंद. मी नाशकात मोरचूद विकत घेतलं, कागदी पिशवी शेजारच्या सीटपुढे, नुकत्याच धुतलेल्या ओल्या मॅटवर ठेवली आणि निघाले.

ते काय गतिरोधक होते? टेकड्या! कुणी बांधले, कुणाला विचारून? प्रत्येकावर गाडीचं पोट खरवडे आणि माझं काळीज. टपरीवर थांबले, तर चहावाला म्हणतो, "मावशी, गाडी खड्ड्यात गेली का अशीच हाय?" अर्धा कप टाकून उठले. चहा फक्कड होता, त्याचा राग अजून आहे.

बागेत पोहोचेपर्यंत पिशवी भिजून निळं पाणी मॅटखाली गेलेलं. वरवर पुसलं. वन्सं प्लॅस्टिकच्या पिंपात लाकडी दांडक्यानं औषध कालवू लागल्या. मी शेजारी उभी राहून व्याख्यान झोडलं. "लोखंडी पिंप घ्या, जळकं ऑइल लावा, कसं गंजतंय बघू!"

"अहो वहिनी..."

"आधी माझं ऐका!"

बाग वाचली. मी भाकरी-ठेचा खाऊन, छाती काढून घरी आले.

फेब्रुवारीत द्राक्षं खायला गेले. वन्संना ऐटीत शेजारी बसवून वणीच्या बाजाराला निघाले. पहिल्याच गतिरोधकावर त्यांचा पाय चपलेसकट खालून रस्त्यावर! मॅटखालच्या पत्र्याची चाळण झालेली. पाय वाचला, चप्पल मागेच राहिली. मी रस्तेवाल्यांचा उद्धार केला, गाडी विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या.

नाशिकला परतले ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मागे गाडी दोराला बांधलेली. एकाच पायात चप्पल घातलेल्या वन्सं शेजारी बसल्या होत्या.

"मोरचूद लोखंड खातं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

मी उसळले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की वहिनी. पण गंज कसा टाळायचा ते तुम्ही मला शिकवत होतात ना!"