गेणूभाऊंची काळी रायफल

देवळाली कॅम्पातलं धोंडीरामचं दुकान म्हणजे म्हाताऱ्या बंदुकांचं माहेर. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची पूजा होते, आणि देवापुढे गंजलेलं हत्यार मांडायला कुणाचंच मन धजत नाही. म्हणून नवमीच्या आधी आसपासच्या गावांतले परवानेवाले शेतकरी आपापली बंदूक त्याच्याकडे तेलपाण्याला आणत.

त्या सगळ्यांत धोंडीरामचा जीव जडला होता तो सायखेड्याच्या गेणूभाऊंच्या रायफलीवर. एका पारशी शिकाऱ्याकडून आलेली जुनी विलायती रायफल ती. चापाखालची लोखंडी कडी पुढे ढकलून मागे ओढली की खट्-खटाक करत नवं काडतूस वर यायचं. त्र्याण्णव साली तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तडकला, तेव्हा धोंडीरामने शिसवाचा नवा दस्ता घडवला होता. गेणूभाऊंच्या खांद्याचं, गालाचं माप घेऊन, शिंप्याने अंगरखा शिवावा तसा.

आता दोन हजार सातची नवमी जवळ आली होती आणि गेणूभाऊंचा नातू हर्षल दुकानाच्या फळीवर एक काळं खोकं ठेवून उभा होता. आत काळा प्लास्टिकचा दस्ता, टॉर्च अडकवायची दातेरी पट्टी आणि लाल ठिपका दाखवणारी छोटी दुर्बीण. मित्राने परदेशातून आणलेलं सामान.

"धोंडीमामा, एकदम कमांडो लूक द्यायचा. नळीसुद्धा काळी करा."

"अरे, ही काय सिनेमात जाणार आहे? आयुष्यभर राजाचं काम केलेल्या नटाला म्हातारपणी काळा गॉगल लावून नाचवायचं म्हणतोस!"

"पण प्लास्टिक पावसात फुगत नाही, मामा. वजनाला हलकं. आबांचं वय बघा की."

पावसाळ्यात शिसवी दस्ता फुगतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्याने आशेने गेणूभाऊंकडे पाहिलं. बाकावर बसलेले गेणूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "कर बाबा, पोरगं म्हणतंय तसं. मलाबी तेच पाहिजे."

धोंडीरामला ते लागलं. आपण घडवलेलं लाकूड ह्या माणसाला नकोसं व्हावं? पण गिऱ्हाइकाचा शब्द. त्याने जुना दस्ता उतरवला, नळीला रंग चढवायचा म्हणून टोकावरची माशी, नेम धरायची ती बारीक खुंटी, ठोकून बाजूला काढली, आणि आठवड्याने या म्हणून सांगितलं.

आठवड्याने आजोबा-नातू आले. हर्षल चहा सांगायला कोपऱ्यावर गेला. दुर्बीण अजून बसवायची होती. आधी दस्ता खांद्याला जमतो का ते पाहायचं. धोंडीरामची त्याची एक पद्धत होती. माणसाने डोळे मिटायचे, रिकामी बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. न शोधता माशी समोर आली, की दस्ता अंगाचा झाला. गेली कित्येक वर्षं तो असंच करत होता. सवयीनेच त्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती गेणूभाऊंच्या हातात दिली.

गेणूभाऊंनी डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली, डोळे उघडले.

"माशी दिसते का?"

"दिसती ना. अगदी मधोमध."

धोंडीराम "शाब्बास" म्हणणार, तोच त्याची नजर नळीच्या टोकावर गेली. टोक सपाट होतं. माशी डबीत पडली होती, हाताशीच. ती परत बसवायला तो विसरला होता.

"गेणूभाऊ," तो हळूच म्हणाला, "माशी मी काढून ठेवलीय."

गेणूभाऊंनी रायफल सावकाश मांडीवर घेतली. ते त्या काळ्या प्लास्टिकवरून अंगठा फिरवत राहिले.

"लाल ठिपका तरी दिसंल ना रं? पोरगा म्हणतो लय झगझगीत असतो."

"कधीपासून असं?"

"दोन पावसाळे झाले. बिबट्या उसात शिरला की गाव मलाच बोलवतं. हवेत बार काढला की झालं, त्याला कशाला पाहिजे नजर? पण मागच्या महिन्यात वासरू नेलं त्यानं. डोकं फिरलं माझं, नेम धरला. बांधावर काहीतरी हाललं. शेजारची लंकाबाई व्हती. गवत कापाया वाकलेली. ती खोकली म्हणून वाचली."

धोंडीरामने त्यांच्या मांडीवरची रायफल उचलून घेतली.

"हर्षलला बोलू नको, धोंडीबा. बंदूक गेली तर मला कोण बोलवील? दारात बसलेला म्हातारा व्हईन मी."

हर्षल चहाचे ग्लास घेऊन आत आला तेव्हा धोंडीराम रायफल फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवत होता. लोकांच्या बंदुका जमा ठेवून घ्यायची परवानगी त्याच्याकडे होतीच. त्याने किल्ली फिरवली.

"हे काय मामा? उद्या नवमी आहे."

"ही आता इथंच राहील."

"का पण?"

"दस्ता नीट बसला नाय," गेणूभाऊ घाईघाईने म्हणाले.

"एवढंच ना? मग द्या इकडे. मुंबईला एक कारागीर आहे ओळखीचा, दोन दिवसांत करून देईल."

धोंडीरामने गेणूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. पण मुंबईचा कारागीर दुर्बीण बसवून देईल, आणि बांधावर दर वेळी कुणी खोकेलच असं नाही.

"हर्षल, नळीला माशीच नाहीये," तो म्हणाला. "आणि आबांना ती दिसली."

हर्षलला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने ग्लास फळीवर ठेवले आणि आजोबांचा दंड धरायला पुढे झाला. गेणूभाऊंनी हात झटकला.

"माझी बोळवण करायला तुलाच मुहूर्त सापडला व्हय, धोंड्या?" एवढंच बोलून ते पायाने पायरी चाचपत खाली उतरले. चहा तसाच राहिला.

दसऱ्याला हर्षल एकटाच सोनं द्यायला आला. धोंडीरामच्या पाया पडला, थोडा घुटमळला.

"आबांनी विचारलंय, तिला तेल देता का?"

"देतो म्हणावं. दर आठवड्याला देईन." आपट्याची पानं हातात तशीच धरून धोंडीरामने विचारलं, "अजून काही म्हणाले?"

"नाही मामा," हर्षल म्हणाला. "तुमच्याबद्दल काही नाही विचारलं."