मोएलागीचा झेल

आमच्या गावच्या बायकांच्या किलिकिटी संघाची कप्तान मी, वाइओला. किलिकिटी म्हणजे आमचं सामोआचं क्रिकेट. मी तोंडाची तिखट, हे अख्खं गाव सांगेल. मोएलागी आमची सगळ्यात भरवशाची खेळाडू. रविवारी मुलांना बायबल शिकवते, बिअरला शिवत नाही, पैजा लावत नाही. पण सामना जिंकून आम्ही बिअर फोडली की ही कोको उकळून आमच्यातच बसते, सगळ्यांत जोरात हसते आणि शेवटी आम्हाला पिकअपमध्ये घालून घरोघरी सोडते. उपदेशाचा एक शब्द नाही. पाद्रीणबाई म्हणून चिडवलं, तर म्हणते, मग रविवारी पुढच्या बाकावर बसा.

त्या शनिवारी अंतिम सामना होता. जिंकणाऱ्यांना ऑकलंडची तिकिटं! माझी लेक तिथे असते. सहा वर्षांत तिला पाहिलं नव्हतं आणि आता तर नात झाली होती. झबलं शिवून तयार होतं.

समोरच्यांची शेवटची बाई उरली होती, धावा हव्या होत्या दोन. ढोल नुसते घुमत होते. चेंडू उंच उडाला. मोएलागी सुसाट धावली, झेपावली, पोटावर घसरत गेली आणि चेंडू हातात! पंचानं बोट वर केलं. आम्ही नाचायला लागलो, मी तर रडतच होते. मोएलागी मात्र सरळ पंचाकडे गेली. चेंडू गवताला टेकला होता, म्हणाली. पंचानं बोट मागे घेतलं. पुढच्याच चेंडूवर त्यांनी दोन धावा काढल्या.

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "स्वर्गात जागा राखलीस, आमची विमानातली घालवलीस," हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

सोमवारी पहाटे नवऱ्यानं हलवून उठवलं. अंगणात मोएलागी बसली होती, डोक्यावरून लग्नातली तलम चटई ओढून, मान खाली घालून. आमच्याकडे असं बसतात ते खूनखराब्यानंतर. समोरच्यानं चटई उचलली तर माफी, नाहीतर त्याच्या मनात येईल ते. झेलासाठी कुणी बसल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रस्त्यावर शेजारणी गोळा झाल्या होत्या.

"खरं बोललीस ना? मग माफी कसली मागतेस?" मी दारातूनच विचारलं.

"खरं बोलल्याची नाही मागत," चटईखालून आवाज आला. "पण त्याची किंमत तू मोजलीस, वाइओला. माझी कुणी लेक नाही तिकडे. आणि लगेच बोलले असंही नाही गं. तुझा नाच बघत क्षणभर गप्प उभी होते."

राग होताच, खोटं कशाला सांगू. तरी अनवाणीच धावले आणि दोन्ही हातांनी चटई उचलली. तिचे डोळे सुजले होते.

"ऊठ," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी झेल नीट घे."